काट्यावर ऐकू येणारे शेठ

डिसेंबर १९८८. धुळ्यातल्या एका जिनिंगचं ऑफिस. हजर तिघे: जिनिंगचे शेठ, त्यांच्या वजनकाट्यावरचे नाना आणि मी. टेबलावर आमच्या जळगावच्या कारखान्यातला बारा लाइनचा इंटरकॉम, किंमत अठरा हजार सहाशे.

शेठ रोज मुनीमजींना इंटरकॉमवर कपाशीचा भाव सांगत. तोच भाव नानांना काट्यावरच्या फोनमध्ये बारीक आवाजात ऐकू येई. नानांनी हे सहज बोलून दाखवलं आणि अडकले. शेठना वाटलं, यांनी वायरला वायर जोडली. पगार रोखला. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणायचं बाकी होतं.

"साहेब, मी चोरीनं ऐकस नही," नाना मला म्हणाले. "आवाज आपेआप येस."

मी काट्याची वायर इंटरकॉमच्या मशीनमधून काढली. त्या जागी दुसरा फोन थेट लावून शेठच्या हातात दिला. नानांना शेठच्या केबिनमध्ये, त्यांच्याच खुर्चीत बसून मुनीमजींशी बोलायला पाठवलं.

शेठ बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "नाना सांगतायत, शेठनी खुर्ची मऊ शे."

काट्याची वायर लावलेलीच नव्हती. म्हणजे दोष आमच्या मशीनमधल्या सर्किटच्या कार्डात. पण शेठ अडून बसले. "आवाज बंद करून दाखवा, मग मानतो."

जळगावला आल्यावर कारखान्यातल्या तशाच मशीनचं कार्ड काढून पाहिलं. कार्डावर सिग्नल तांब्याच्या बारीक रेघांमधून जातो. त्या रेघांना ट्रॅक म्हणतात. दोन ट्रॅक जवळून, लांबवर समांतर गेले की एकातला थोडा सिग्नल दुसऱ्यात उतरतो. हा क्रॉसटॉक. शेठचा आणि काट्याचा ट्रॅक वीतभर शेजारी शेजारी पळत होते.

कार्डाचं ड्रॉइंग आमच्या कारखान्यातल्या अलकाचं होतं. फिल्मवर काळी टेप चिकटवून ती ट्रॅक आखायची. तिचा हात फार सुबक.

"भाऊ, इतक्या सरळ रेघा मुद्दाम मोडू?"

"मोड. एकमेकींपासून लांब ने. मध्ये एक पट्टी टाक आणि ग्राउंडला जोड." ग्राउंड म्हणजे सर्किटची शून्य व्होल्टची बाजू; इकडून सुटलेला सिग्नल त्या पट्टीतच जिरतो.

नवं कार्ड घेऊन धुळ्याला गेलो. नाना केबिनमधून चांगले खणखणीत बोलले. काट्यावर शेठना काही ऐकू आलं नाही. त्यांनी जुन्या आणि नव्या ड्रॉइंगची तुलना केली आणि मधल्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हिच्यातून कोणाचं बोलणं जातं?"

"कोणाचंच नाही. म्हणून तर टाकली."

तेव्हापासून तक्रार आली की मी आधी वायर काढून बघतो, माणसाचं नाव नंतर घेतो.

नव्या ड्रॉइंगचे साठ रुपये कारखान्याने अलकाला दिले. नानांचा रोखलेला पगार, सातशे चाळीस रुपये, शेठनी माझ्यासमोर नानांच्या हातात दिला.