बेगमचं पासिंग

पंक्चरची ट्यूब पाण्यात बुडवायच्या आदी खाला टायर खोलायच्या लोखंडी टॉमीनं टाकीच्या कडेला दोनदा टकटक करायची. मग वाकून म्हणायची, "बेगम, सरक गं जरा." पाण्यातनं एक चपटं डोकं वर यायचं, नळीवानी नाकानं हवा घ्यायचं आन टाकीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. मग ट्यूब पाण्यात. बुडबुडं कुठनं येत्यात ते दोघी मिळून बघायच्या.

निमगाव केतकीत, बारामती-इंदापूर रस्त्याला खालाचं, म्हंजे आमच्या समद्यांच्या मावशीचं, पंक्चरचं दुकान व्हतं. आता बंद हाय. त्या रस्त्यानं कदी गेला असाल तर बाईमाणूस टायर खोलतंय म्हणून तुमीबी मान वळवून बघितलं असंल. मी तर रोज बघायचो, कारण माझी रिक्षा रोज तितंच बसायची. माझ्या टायरात रबर कमी आन खालाची ठिगळं जास्त.

"मुडद्या, टायर बदल की," खाला म्हणायची.

"बदललं तर तुमास्नी भेटायला कशाच्या निमतानं येऊ?"

"नगंच येऊ. बेगमला तुझा आवाज सोसत न्हाय."

ते खरं व्हतं. मी बोलाय लागलो की बेगम मान आत घ्यायची. आमच्या घरी बायकोनंबी तीच रीत ठिवली हाय.

बेगम म्हंजे कासव. खालाचा नवरा हयात असताना एका उन्हाळ्यात कालव्याचं पाणी बंद झालं, डबकी आटली. तवा त्यानं तळहातावर बसंल एवढं पिल्लू उचलून आणलं आन दुकानाच्या सिमेंटच्या टाकीत सोडलं. "लगीन झाल्यापासनं मला येकदाबी बेगम म्हणलं न्हाईत," खाला सांगायची, "आन ह्या चिखलातल्या भवानीला पयल्याच दिवशी म्हणलं." सांगताना रागवायची, पण हात पाण्यात असायचा आन बेगम त्या बोटांखाली. लेकरूबाळ न्हवतं. नवरा वारल्यावर दुकान आन बेगम, एवढंच मागं राह्यलं. दुपारी कलेजीचा तुकडा आदी टाकीत पडायचा, मग खालाचा डबा उघडायचा.

उन्हाळा आला की बेगम टाकीच्या बुडाला नखं घासायची. दिवसभर खरखर, खरखर. खाला कौतुकानं म्हणायची, "बघ, मला हाका मारती." मीबी शहाण्यासारखी मान हलवायचो.

येक दिवस पुण्याची गाडी पंक्चर झाली. गाडीतला माणूस टाकीजवळ आला आन दचकला. "आजी, हे पाळणं गुन्हा आहे. कायदा कडक झालाय. कुणी कळवलं तर घेऊन जातील." माणूस चांगला व्हता, हळू आवाजात बोलला आन गेला. पण त्या दिवशी खालाला घास जाईना. जेलचं तिला काय न्हवतं. "मला न्हेलं तर न्हेऊ दे. हिला न्हेलं तर रं?"

मग आमी दोघांनी डोकं लावलं. गाडी आन टायर सोडून जगातलं आमाला दुसरं काय ठावं? शाळेत मी आजबी जातो, पण मतदानालाच. खाला म्हणाली, "गाडीचं कसं, पासिंग केलं की रस्त्यात कोण आडवत न्हाय. बेगमचं पासिंग करून घिऊ."

"येकदम बराबर," मी म्हणलं. "सायेब पुढनं मागनं बघतील आन पास करतील." माझ्याच रिक्षाचं पासिंग संपल्यालं, आन मी कासवाला सल्ला देतुया.

पासिंगला न्हेताना गाडी धुत्यात, म्हणून खालानं बेगमला धुतलं. पाठीला खोबरेल लावून चमकावली. घमेल्यात ओलं गोणपाट, त्यात बेगम, आन घमेलं मांडीवर. आशी आमची वरात इंदापूरला, फॉरेस्टच्या हापिसात.

तितल्या मॅडम वयानं पोरगेल्या, पण मायेच्या. खालाला खुर्ची दिली. मला न्हाय दिली, माणसं वळखत असणार.

"बाई, हिचं पासिंग करायचं हाय," खाला म्हणाली.

मॅडम हसल्या न्हाईत. बेगमला उचललं, हळूच उलटी केली, पोटावरनं बोट फिरवलं. खोबरेल त्यांच्या हाताला लागलं.

"आजी, पोटाला चट्टे पडलेत. कातडी सोललीय. कुठं ठेवता हिला?"

"सिमेंटच्या टाकीत. पाणी बदलती की मी."

"हिला ऊन लागतं, चिखल लागतो. उन्हाळ्यात ही चिखलात गाडून घेऊन झोपते. चिखल मिळाला नाही की नखांनी उकरत राहते."

खालानं माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं. ती खरखर दोघांच्याबी कानात.

"म्हंजे तू हाका न्हवतीस मारत व्हय गं," ती घमेल्यात बघून म्हणाली.

मग मॅडमनी समदं समजावून सांगितलं. कायद्यात ह्या कासवाचं नाव वाघाच्या यादीत हाय. घरात ठेवायचा परवाना कुणालाच मिळत न्हाय. खाला सोताहून घिऊन आली, तवा तिला तरास हुणार न्हाय, त्या वरच्या सायबांशी बोलतील. औषधपाणी करून बेगमला उजनीच्या पाण्यात सोडतील.

"वाघाच्या यादीत?" खालानं पदर नीट केला. "आयकलंस का रं? आमचं मालक तिला उगं बेगम म्हणत न्हवतं." मग मॅडमना म्हणाली, "सोडल्यावर बघाय यीन मी."

"एवढ्या पाण्यात ओळखणार कशी, आजी?"

"मी कशाला? ती वळखंल की. दोनदा टकटक केलं की येती."

मॅडम टेबलावर कायतरी शोधाय लागल्या. टेबलावर काय न्हवतंच.

उठताना खालानं सांगितलं, "कलेजी बारीक करून द्या. आन तिच्याम्होरं कोण मोठ्यानं बोलू नगा."

येताना रिकामं घमेलं तिच्या मांडीवरच. खड्डा आला की दोन्ही हातांनी ते सावरायची. मला राहवंना. मी म्हणलं, "खाला, कासव पास झालं, रिक्षा नापास राह्यली बघा." येरवी तिनं माझा मुडदा बसवला असता. त्या दिवशी ती हसली. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून हसली. मला रिक्षा कडंला घ्यावी लागली. पंक्चर न्हवती.

दुकानातली टकटक तशीच राह्यली. टाकीच्या कडेला टॉमी वाजवायची आन ट्यूब हातात धरून थांबायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "बुडवा की." ती म्हणायची, "व्हय व्हय," आन बुडवायची. बुडबुडं आता येकटीच बघायची.

उन्हाच्या तोंडाला मॅडमचा माझ्या फोनवर निरोप आला, बेगम बरी झाली, उजनीला सोडली. खालानं दुकानाचं शटर वढलं आन माझ्या रिक्षात बसून उजनीला निघाली. तवाच ती लय थकल्याली. फुडल्या थंडीत गेली. पण मला ती दिसती ती त्या दिवशीची.

धरणाचं पाणी मागं हटल्यालं, काठाला लांबवर चिखल. खालानं घमेलं बरूबर आणलं व्हतं. चपला काढल्या, चिखलात बसली, घमेलं पालथं घातलं आन टॉमीनं वाजवलं. येकदा. टॉमीचा हात परत वर गेला आन तितंच थांबला.

"नगं," ती म्हणाली. "उन्हाळा हाय. झोपली असंल."

टॉमी मांडीवर ठिवली, आन वल्या चिखलावर हात ठिवून बसली. माझ्याच्यानं राहवंना, मी काय तरी बोलाय तोंड उघडलं.

"हळू बोल, मुडद्या," खाला म्हणाली.