पेशंटकाकांची डबल बेल

पेशंटकाका माझ्यासमोर सतरा वेळा मेले, आणि प्रत्येक वेळी उठून बसत त्यांनी चहात साखर कमी असल्याची तक्रार केली.

नाशिकच्या आमच्या मेडिकल कॉलेजात पोरांना रोग्याशी बोलायला शिकवायचं म्हणून खोटे रोगी बोलावत. काका त्यांतले सम्राट. जन्मभर एसटीत कंडक्टर. निवृत्त झाल्यावर त्यांनी आजारांचा रूट पकडला. कागदावर लिहून दिलेली पोटदुखी ते अशी वठवत, की त्यांच्या कण्हण्याने तिकडे त्र्यंबकेश्वरच्या घंटा हलायच्या, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच.

त्यांची एक खोड होती. पलंगाच्या लोखंडी दांड्यावर अंगठीने दोनदा टण टण केलं की आजार सुरू. समोरच्याने त्यांच्याऐवजी वहीत पाहिलं की एकदाच टण. आजार जागच्या जागी उभा. "दुखतंय कुणाला डॉक्टर, वहीला? मग तिलाच तपासा." पाच प्रश्न एकदम फेकले की म्हणत, "सुट्टे द्या. एका वेळी एकच."

माझी गाडी त्या सिंगल बेलपुढे कधी गेलीच नाही. परीक्षेत दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा गचकलो असतो तर वर्ष बुडालं असतं, आणि मालेगावात वडील पेढे सांगून मोकळे झाले होते.

त्या दिवशी काका छातीदुखी घेऊन बसले. कोपऱ्यात परीक्षक. टण टण. आणि पाठ केलेले सगळे प्रश्न मी साफ विसरलो. स्वतःचं नावसुद्धा. स्टूल ओढून काकांजवळ बसलो आणि नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तेवढ्यात बाहेर द्राक्षांचे दोन हंगाम उरकले असतील. शेवटी काकाच हळूच म्हणाले, "घरी कुणाला बोललो नाही हो. भीती वाटते."

कागदावरची हीच गोष्ट रोग्याकडून काढून घ्यायची होती. मी पास.

बाहेर आल्यावर राहवेना. "काका, मी प्रश्नच विसरलो होतो."

"मला काय कळलं नाही? असाच विसरत जा."

गेल्या महिन्यात ते माझ्या दवाखान्यात आले. सोबत सून. मी थट्टेने विचारलं, "आज कोणता आजार काका?"

"आज कागद नाही रे," म्हणाले. सून सांगायला लागली, तर तिला हातानेच थांबवलं. बोटातली अंगठी सैल झाली होती.

मी वही मिटली. स्टूल ओढून जवळ बसलो. नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग मीच पेनाने टेबलाच्या लोखंडी पायावर दोनदा वाजवलं.

टण टण.

काका खुदकन हसले, आणि सांगायला लागले.