भिजत घातलेले गहू

सोमवारी सकाळी मी मोठ्या पातेल्यात गहू भिजत घातले. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं आणि चौथ्या दिवशी उपसून वाटायचे. एक दिवस जास्त राहिले तर आंबूस होतात. चौथा दिवस गुरुवार होता, आणि गुरुवारीच मला दवाखान्यात जायचं होतं, छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला द्यायला. दोन्ही एकाच दिवशी येणार हे मला पातेलं फळीवरून काढतानाच ठाऊक होतं.

गाठ अंघोळ करताना हाताला लागली होती. डाव्या बाजूला, काखेकडे, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी. दुखत नव्हती. बरेच दिवस मी कोणाला बोलले नाही. रोज अंघोळीला गेलं की आधी हात तिथे जायचा आणि ती आपली तिथेच असायची. त्या जागेचं नाव मी कधी तोंडाने घेतलेलं नाही, नवऱ्यासमोरसुद्धा नाही. शेवटी मेथी निवडता निवडता, मान वर न करता, मुलीला म्हणाले, "काखेजवळ काहीतरी लागतंय." तिने मोबाईल खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकून ती मला घेऊन गेली.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक साधी गाठ वाटतेय, पण खात्री करून घेऊ. सुईने बारीक तुकडा काढू आणि तपासायला पाठवू." मुलीला त्यातलं 'साधी' ऐकू आलं. मला 'सुई' आणि 'तुकडा'.

माझी एक मावशी होती, वऱ्हाडात, आमच्या गावाशेजारच्या गावात. तिलाही अशीच गाठ होती. तालुक्याला नेऊन तिला सुई लावली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली. मी तेव्हा परकरात होते. घरातल्या बाया चुलीपाशी बसून एकच बोलायच्या, सुई लावली म्हणून ते चिघळलं, नाहीतर गप निजलं होतं. ते वाक्य इतकी वर्षं माझ्यात पडून होतं, आणि आता जागं झालं होतं. हे मी मुलीला सांगितलं नाही. ती शिकलेली आहे, रागावली असती. मी गहू भिजत घातले.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. मूळच्या पुण्याच्या पेठेतल्या, शाळेत शिकवायच्या, आता इथे विश्रांतवाडीत एकट्या असतात. मंगळवारी मी गॅलरीत गव्हाचं पाणी बदलत होते, तर त्या दारात उभ्या.

"यंदा लवकर काढल्यास कुरडया."

"ऊन चांगलं आहे म्हणून म्हटलं."

"पुण्यात ऊन रोजच चांगलं असतं. वाटायचे कधी?"

"गुरुवारी."

काकू पातेल्याकडे बघत राहिल्या आणि "हं" म्हणून आत गेल्या. त्यांचं "हं" मला आवडलं नाही.

खरं सांगायचं तर ते तीन दिवस मी गव्हांच्याच आधाराने काढले. पाणी ओतायचं, नवीन घालायचं, दाणा बोटात दाबून बघायचा. दाणा फुगला की त्याच्या पोटातून दुधासारखा पांढरा चीक येतो. तेवढा वेळ हात गाठीकडे जायचा नाही. घरभर आंबट वास सुटला होता. मुलगी नाक दाबून ऑफिसला जायची. मला तो वास बरा वाटायचा. दुसरं काही मनात यायला लागलं की मी उठून पातेल्यापाशी जायची.

बुधवारी संध्याकाळी नवरा ड्यूटीवरून आला. ते एका कंपनीच्या गेटवर असतात. बूट काढता काढता म्हणाले, "उद्या मी सुट्टी घेतली."

तोंडात तयार असलेलं मी बोलून टाकलं. "अहो, उद्या कसं जमणार? उद्या गहू वाटायचेत. नाहीतर नासतील. पुढच्या आठवड्यात बघू."

त्यांनी झाकण उचलून पातेल्यात पाहिलं. "बरं," म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर पडले. मला वाटलं दूध आणायला गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. पण ते एकदा तरी 'नाही, चल' म्हणतील असं कुठेतरी वाटत होतं.

थोड्या वेळाने ते परत आले, आणि त्यांच्यामागून काकू. इतक्या वर्षांत जिन्यात 'नमस्कार' म्हणण्यापलीकडे माझा नवरा काकूंशी बोललेला नाही. मी स्वतःला लाजाळू समजते, पण ते माझ्याहून जास्त आहेत. काकूंच्या दाराची बेल त्यांनी कशी वाजवली असेल, हे मला अजून डोळ्यांसमोर आणता येत नाही.

"कुठे आहेत ते गहू?" काकूंनी विचारलं. "यांनी सांगितलं, गव्हांमुळे तुझा दवाखाना अडलाय."

"काकू, तुम्हाला त्रास कशाला..."

"उचला हो ते पातेलं. माझ्याकडे नेऊन ठेवा. माझी कंबर दुखते."

"पण बारीक वाटावे लागतात. चोथा तीनदा पिळावा लागतो. नीट नाही पिळला तर चीक..."

"पस्तीस वर्षं पोरांना पाढे शिकवलेत. गहू काय, ऐकतील." मग माझ्याकडे बघून जरा हळू बोलल्या. "गव्हाला तीन दिवस लागतात हे तुला कळतं तसं मलाही कळतं. सोमवारी घातलेस तेव्हा गुरुवार कुठे येतो, तो हिशेब येतो मला. आता गुपचूप जा."

नवऱ्याने पातेलं उचललं. दारातून ते बाहेर गेलं, तेव्हा घरातून काहीतरी मोठं निघून गेल्यासारखं झालं. ते पातेलं ठेवून परत आले, तेव्हा मी ओट्याला टेकून रडत होते.

"काहून रडून राहिली? वाटून देतील ना त्या."

मग मी त्यांना मावशीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. सुईचं बोलले, आणि कपडे काढावे लागतील तेही बोलले. ते खाली बघत ऐकत होते.

"उद्या डॉक्टरीणबाईले इचारू," म्हणाले. "मीच इचारतो."

"नको, तुम्ही नका विचारू!"

"मग तू इचार."

एवढंच आमचं ठरलं.

गुरुवारी मुलगी आणि नवरा बाहेर बसले. आत मला मागून बांधायचा झगा दिला होता, तो मी पुढून बांधला. सिस्टर म्हणाल्या, "उलटा घातलात. राहू दे, आपल्याला तसाच सोयीचा आहे." आम्ही दोघी हसलो आणि अर्धी लाज तिथेच गेली.

टेबलावर आडवी झाले. डॉक्टरीणबाई हातमोजे घालत होत्या. आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही, असं मनाशी म्हटलं आणि छताकडे बघत बोलले, "सुई लावली की ते पसरतं का?"

त्या थांबल्या. हसल्या नाहीत. "कोणाचं झालं होतं तसं?"

"मावशीचं."

"मावशी दवाखान्यात कधी आल्या होत्या? गाठ लागल्या लागल्या?"

मला आठवलं, मावशीची गाठ लुगड्यावरून दिसायची. तेव्हा कुठे तिला नेलं होतं.

"सुईने पसरत नाही," त्या म्हणाल्या. "उशीर झालेला असतो, आणि नाव सुईचं होतं. तुम्ही वेळेवर आलात."

भूल देणारं इंजेक्शन मुंगी चावल्यासारखं झोंबलं. मग काहीच कळेना, फक्त दाबल्यासारखं. "आता टक असा आवाज येईल, दचकू नका," सिस्टर म्हणाल्या. गॅसच्या लायटरसारखा आवाज आला. मी दचकलेच.

"घरी आज काय चाललंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मन दुसरीकडे न्यायला विचारलं असणार.

"कुरडया," मी म्हणाले.

"आमच्याकडे नेहमी तुटतात," सिस्टर म्हणाल्या.

"मग चीक कच्चा राहत असेल. झाकण ठेवून वाफ आणायची, चांगला चकाकेपर्यंत." टक. "आणि गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. गार झाला की तुटणारच." टक. "पाणी चिकाएवढंच घ्यायचं."

अनोळखी माणसांसमोर मी एवढं कधी बोलले नव्हते, तेही अशा अवस्थेत. बोलणं संपलं नव्हतं तोवर त्यांचं काम संपलं. जखमेवर पट्टी लावून त्यांनी बर्फाची पिशवी धरायला दिली आणि सांगितलं, "दोन दिवस या हाताने जोर लावायचा नाही."

जोर लावायचा नाही! सोऱ्या दाबायला दोन्ही हातांचा जोर लागतो, हे मी गहू भिजवताना धरलंच नव्हतं. मी तर दवाखान्यात जाणारच नव्हते ना.

शुक्रवारी सकाळी काकूंनी चिकाचं पातेलं आणलं. वरचं पाणी निवळलं होतं, खाली चीक पांढराशुभ्र बसला होता. मी नुसती बसून सांगत होते. काकूंनी शिजवला, मुलीने ढवळला, नवऱ्याने पातेलं धरलं. मग गच्चीवर प्लास्टिक अंथरून सोऱ्या नवऱ्याच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा. घाम गळत होता, कुरडई गोल यायच्या ऐवजी कुठेही जात होती.

"यांना कंपनीच्या गेटवर ठेवलंय ते बरंय," काकू म्हणाल्या. "कुरडईला रस्ता दाखवणं यांचं काम नाही."

नवरा मान खाली घालून हसत होता. उरलेला गरम चीक आम्ही गूळ घालून खाल्ला. मला किती दिवसांनी भूक लागली होती.

कुरडया वाळत होत्या आणि आम्ही रिपोर्टची वाट बघत होतो. रोज उन्हं उतरली की मी त्या उलटवायला वर जायची. भीती गेली नव्हती, पण आता ती माझ्या एकटीची नव्हती. ते मागोमाग यायचे आणि स्वतःच्या वाकड्या कुरडया ओळखून दाखवायचे.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि लगेच म्हणाल्या, "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी फक्त एकदा दाखवून जा."

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे काही नाही. काळजी करू नका."

"म्हणजे काहीच नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं. परक्या बाईला सरळ विचारताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाहेर आल्यावर मुलगी माझ्या गळ्यात पडली. ते मात्र रिक्षा बघायला म्हणून रस्त्यापर्यंत गेले आणि पाठ करून उभे राहिले. बऱ्याच रिकाम्या रिक्षा गेल्या. मी त्यांना हाक मारली नाही.

त्या संध्याकाळी कुरडया तळल्या. वाकड्या कुरडया सरळ कुरडयांइतक्याच फुलतात. काकूंना ताट नेऊन दिलं. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. "मीठ कमी आहे," म्हणाल्या. मग माझा हात धरून बराच वेळ सोडला नाही.

परवा सहा महिने झाले. मी निघाले होते, साडी नेसून, पिशवीत सिस्टरसाठी बांधलेल्या कुरडया. काकू दारात आल्या, माझ्या खांद्यावरून आमच्या ओट्याकडे नजर टाकली.

"आज काय भिजत घातलंयस?"

"काही नाही, काकू."

"हं," म्हणाल्या. या वेळी मला ते आवडलं.