बाबांच्या एक्स-रेमधल्या दोन वाट्या

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि बहुतेक वेळा मनात म्हणते, झोपेत पाहिलं असेल. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे भर सकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात, दोघींच्या डोळ्यांसमोर झालं... माझा जन्म कोलकात्याचा, मराठी फक्त घरातलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

आई गेल्यानंतरचे ते महिने. बी.एस्सी. झालं होतं, पुढे काय ते ठरत नव्हतं. खरं सांगायचं तर काही वाटतच नव्हतं. रडूसुद्धा नाही. बेहालाला आमच्या वरच्या मजल्यावर सोमादी राहते, ती एक्स-रे टेक्निशियन. ती म्हणाली, "रेडिओग्राफीचा कोर्स कर. आधी चार दिवस माझ्याबरोबर येऊन बघ, मग ठरव."

गेले. मेन रोडवर, खाली मिठाईचं दुकान, वर सेंटर. काम मला आवडलं... आवडलं म्हणजे, जमेल असं वाटलं. पेशंट येतो, गळ्यातलं-कानातलं काढतो, गाऊन घालतो, प्लेटला छाती टेकवून उभा राहतो. आपण शिशाच्या काचेआड. सोमादी बंगालीत सांगते — श्वास घ्या, धरा, सोडा. स्क्रीनवर फोटो येतो. पुढचा पेशंट. कुणी तुम्हाला "आता कशी आहेस?" विचारत नाही.

त्याच आठवड्यात बाबांचा खोकला जाईना म्हणून डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला. मीच घेऊन गेले. शर्ट, बनियन, चष्मा, घड्याळ — सगळं मी माझ्या हाताने बाजूला ठेवलं. गाऊनच्या नाड्याही मीच बांधल्या.

फोटो आला. छातीच्या मधोमध दोन पांढरे गोल. शेजारी शेजारी.

"ए की रे? बोताम?" सोमादी पुटपुटली. गाऊनला बटणं नव्हतीच.

तिला ओळखू येणं शक्य नव्हतं, बंगाली बायकांच्या गळ्यात ते नसतं. मला मात्र लगेच कळलं. मंगळसूत्राच्या वाट्या. त्यातली एक कडेला चेपलेली. मला दात येत होते तेव्हा मी ती चावून चेपवली होती. आई घरी येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने दाखवायची.

आणि ते मंगळसूत्र आता कुठेच नव्हतं. बागबाजारच्या घाटावर बाबांनी ते अस्थींबरोबर गंगेत सोडलं होतं. आत्या म्हणत होती, सोनं असं टाकू नये दादा, मुलीसाठी ठेव. त्यांनी ऐकलं नाही. माझ्यासमोर मूठ उघडली होती त्यांनी.

घाबरले का? नाही. काहीच झालं नाही मला. म्हटलं, "सोमादी, परत काढ."

तिने आत जाऊन बाबांच्या गाऊनवरून हात फिरवला, प्लेट पुसली. काही नव्हतं. दुसरा फोटो स्वच्छ आला. रद्द केलेला फोटोही मशीनमध्ये राहतो, म्हणून तिने पहिला पुन्हा उघडला... तोही स्वच्छ. दोन्ही फोटो शेजारी लावून ती बराच वेळ बघत राहिली.

"तूही पाहिलंस ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "दोनदा का काढला गं?"

"तुम्ही हललात बाबा."

"मी कुठे हललो? पहिल्या वेळी इथं काहीतरी टोचलं, तरी हललो नाही." त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

प्लेट काचेसारखी गुळगुळीत असते.

"स्क्रू असेल," मी म्हटलं. ऑटोने घरी आलो. मी कुकर लावला.

रिपोर्ट नॉर्मल आला, खोकलाही गेला. मी कोर्सला प्रवेश घेतला. मध्यंतरी वर्गात सरांनी शिकवलं — आधीच्या पेशंटची पुसट छाया कधी कधी पुढच्या फोटोत उतरते, तिला 'घोस्ट इमेज' म्हणतात. वर्ग हसला. मला वाटलं, चला, कारण सापडलं. संध्याकाळी सोमादीला विचारलं, त्या दिवशी बाबांच्या आधी कोण होतं?

तिला आठवत होतं. "फुटबॉल खेळताना पडलेला एकजण. गुडघा होता, तोही टेबलावर, वेगळ्या प्लेटवर काढलेला. त्या दिवशी छातीच्या प्लेटसमोर पहिले तुझे बाबाच उभे राहिले."



बाबांना मी हे सांगितलेलं नाही. ते हे सदर वाचतात, त्यामुळे नाव नसलं तरी ओळखतील. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" असं विचारतील. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. तेव्हा मला काही वाटलंच नव्हतं.

पण "ती आली होती का गं?" असं विचारलं तर... खरंच माहीत नाही, बाबा.