टाकीची चावी करगोट्याला

"कारबोरेटर कोनाला इकलास?"

जनार्दनदादांनी गॅरेजात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं. पान्हा माझ्या हातातच राहिला.

दादा उरणचे कोळी. पहाटे बंदरावरून मासळी उचलायची आणि पनवेल, खांदा कॉलनीत दारोदार विकायची. शंभर सीसीची गाडी, मागे कॅरियरला बर्फाची पेटी. गाडी वाटेत बंद पडली की बर्फ वितळतो आणि मासळी काही थांबत नाही.

हीच गाडी मी थोड्याच दिवसांपूर्वी रिपेअर करून दिली होती. तेव्हा ती मिसिंग करायची, म्हणजे चालता चालता इंजिन ठोका चुकवायचं. सीट काढली तर पेटीतून गळणारं खारं पाणी वायरिंगवर पडत होतं. दोन वायरी जिथं जोडतात त्या कनेक्टरची पिन हिरवी पडली होती. करंट कधी जायचा, कधी नाही. मी कनेक्टर बदलला, पेटीखाली रबर टाकलं आणि वर शहाणपण सांगितलं, "दादा, खारं पाणी आत जाऊ देऊ नका."

आता तक्रार वेगळीच होती.

"पयले नुसती खोकायची. तुज्याकडून नेली तवापासून अर्ध्या वाटेत मरते. घटकाभरानं परत चालू. माजा ओरिजनल काढून डुप्लिकेट बसवलास. आमी काय येडे हाव?"

गॅरेजचे मालक नसीरचाचा. तरुणपणी कुवेतच्या वर्कशॉपमध्ये राबून आलेले. मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, पनवेलात ओळखीचं कुत्रं नव्हतं, तेव्हा चाचांनी विचारपूस न करता म्हणलं होतं, "वर माळ्यावर झोप, खाली काम शिक." डबा चाचींच्या घरून यायचा. म्हणून मला नुसती नोकरीची भीती नव्हती.

चाचांनी मला मागं नेलं. हळूच म्हणाले, "सच सांग बेटा. मी रागावणार नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणजे शक त्यांनाही आला होता.

"चाचा, तुमच्या अन्नाची शपथ."

"शपथ नको, फॉल्ट दाखव. बंदरावरच्या गाड्या आपल्याकडे येतात ते नावावर. नाव गेलं तर तुला ठेवणं मला जमणार नाही."

मी कामाला लागलो. दादा स्टूल ओढून समोरच बसले, माझ्या बोटांवर नजर ठेवून. प्लग काढला, स्पार्क चांगला. कारबोरेटरला येणारा पाइप काढला, पेट्रोलची धार लागली. पेट्रोल जायचं बारीक छिद्र, जेट, तेही साफ. गाडी स्टॅंडवर चालू ठेवली, बंद पडेना. आता मलाच दादांचा संशय यायला लागला. हा माणूस फुकटात नवा कारबोरेटर मागतोय की काय?

"टाकीत बघू द्या. चावी?"

"ती नाय मिलाची. पेट्रोल काढाल."

टाकीला त्यांनी वेगळं लॉक बसवलं होतं. चावी कमरेच्या करगोट्याला, शर्टाच्या आत.

"मग मी मागं बसतो. बंद पडेल तिथपर्यंत जाऊ."

"बस. पन हात माज्या खांद्यावर ठेव. दोनी."

पेटी उतरवून निघालो. गोवा हायवेला लागलो. पळस्पे गेलं, शिरढोण गेलं, गाडी मक्खन. गाडी बंद पडावी म्हणून देवाचा धावा करणारा मेकॅनिक मी एकटाच असेन. कर्नाळ्याच्या अलीकडे तिनं मान टाकली.

"बग! बोललो ना?" दादांना आनंदच झाला.

मी प्लग काढून इंजिनला टेकवला, किक मारली. निळा स्पार्क. म्हणजे दोष वायरिंगचा नव्हता. मग कारबोरेटरच्या खालचा स्क्रू सैल केला. तिथं वाटीभर पेट्रोल साठलेलं असतं. दोन थेंब पडले. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू, गाडी हलवली तर टाकीत पेट्रोल डुचमळतंय, आणि खाली कोरडं!

तेवढ्यात दादांनी रोजच्या सवयीनं माझ्याकडे पाठ केली, चावी काढली आणि पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडलं.

फुस्स.

"दादा, झाकण दाखवा!"

त्यांनी ते छातीशी धरलं. "कशाला?"

"हातात देऊ नका. लांबून दाखवा."

झाकणाच्या आतून मासळीची प्लास्टिकची पिशवी दुहेरी करून, रबर लावून ताणून बसवली होती.

"तूच बोललास ना, खारा पानी आत जावाला नको?"

टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. खाली पेट्रोल उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. भोक बंद झालं की टाकी आतून ओढून धरते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. झाकण उघडलं की हवा शिरते, गाडी चालू. गॅरेजात स्टॅंडवर पेट्रोल फारसं जळलंच नाही, म्हणून तिथं बंद पडली नव्हती. रोज दादाच गाडी बंद पाडत होते आणि दादाच दुरुस्त करत होते. चावी मला दिली असती तर गॅरेजातच दिसलं असतं.

त्यांनी पिशवी काढली, पण पटलं नव्हतं. मला मागं बसवून पार खारपाड्याच्या पुलापर्यंत नेलं आणि परत पनवेलला आणलं. गाडी एकदाही थांबली नाही.

गॅरेजात चाचांना म्हणाले, "पोरगा बरा हाय." बस. कारबोरेटरचं नावही नाही.

ते गेल्यावर चाचा म्हणाले, "मी विचारलं, ते दिलाला लावून घेऊ नको."

"नाही चाचा," म्हणलं. लागलं होतं. पण रात्री माळ्यावर झोपायला मिळणार होतं, ते जास्त मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधीच बंदरावरच्या गाड्या दारात उभ्या. दादांनी पिशवीची युक्ती आधीच साऱ्या बंदराला शिकवली होती. प्रत्येकाची गाडी अर्ध्या वाटेत मरत होती आणि प्रत्येकाच्या मते त्याच्या मेकॅनिकनं कारबोरेटर चोरला होता. एकानं तर नवा टाकूनही घेतला होता.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला मोघम सल्ला देत नाही. पाणी कुठून जाऊ द्यायचं नाही, त्या जागेवर बोट ठेवून दाखवतो. आणि बाकी ठिकाणी हात लावू नका, हेही सांगतो.