हार काढताना

मला किळस आलीय. पेपरवाल्यांची, पुढाऱ्यांची, आणि त्या निशिगंधाच्या हाराची तर इतकी की फुलवाल्यांसमोरून जाताना नाक दाबते.

आकाराममामा माझे सख्खे मामा नव्हेत. कोल्हापुरात पेपरांसाठी फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला. मी कोडोलीची. कॉलेजात असताना फुटबॉलच्या सामन्यांना कॅमेरा घेऊन त्यांच्या मागं मागं फिरायची. एकदा वसकन अंगावर आले, "मागं काय फिरतीस? माझी पाठ काढणार हाईस? बाजूला उभी ऱ्हा!" अशी माझी शिकवणी सुरू झाली.

त्यांचा नियम एकच. हात सुटला की फोटो सुटला. म्हणजे देणाऱ्यानं दिलं, घेणाऱ्यानं घेतलं, तेवढ्यात तुमचा फोटो हुकला तर तुम्ही हुकलात; परत द्या म्हणायचं नाही. महापुरात एका पुढाऱ्यानं म्हातारीला दिलेलं ब्लँकेट फोटोसाठी परत मागितलं. ती भिजून कुडकुडतेय, आणि हा बाबा म्हणतोय, "हसा की आज्जी!" मामांनी लेन्सला टोपण लावलं. "आधी तिला पांघरू दे, मग तू हास," म्हणाले. मी शेजारीच होते. तेव्हापासून मी कुणालाही 'परत एकदा' म्हटलेलं नाही, चुलतबहिणीच्या लग्नातसुद्धा नाही. काकू अजून माझ्याशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात मामा वारले. मी तेव्हा एका पेपरात टेंपररी होते, आणि आता कायम करणार म्हणून घरी पेढे वाटून झाले होते. शोकसभेचा फोटो काढायला मलाच पाठवलं. टेबलावर मामांचा फोटो, पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी तानाबाई. आमच्या भागाचे पुढारी विजयसिंहराव उशिरा आले, मोबाइलवर बोलत बोलतच फोटोला निशिगंधाचा हार घातला आणि माझ्याकडं वळले.

"आला का?"

"पाठ आली."

"मग परत घालतो, थांब."

आणि त्या माणसानं मामांच्या फोटोवरचा हार काढला हो! कॅमेऱ्याकडं बघून, दात काढत! अरे, जनाची नाही तर मनाची तरी? समोर बायको बसलीय त्यांची!  हार फ्रेमच्या कोपऱ्यात अडकलेला असतानाच मी बटण दाबलं आणि लेन्सला टोपण लावलं. पुढं त्यानं हार घातला का घरी नेला, मी बघितलं नाही.

ऑफिसात येऊन फोटोखाली ओळ लिहिली, 'आकाराममामांच्या प्रतिमेचा हार काढताना विजयसिंहराव.' थोड्याच वेळात संपादक उदयसिंह यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"संयोगिता, 'काढताना' चुकून पडलंय. 'घालताना' कर."

"चुकून न्हाय सर. काढलाच की त्यांनी."

"फोटोत कुणाला कळतंय? एक शब्द बदल, न्हायतर उद्यापासनं येऊ नकोस."

घरचे पेढे आठवले. आईनं गल्लीभर सांगितलेलं आठवलं. तरी तो शब्द लिहायला बोटं उठेनात. पिशवी उचलून बाहेर पडले.

सकाळी पेपरात फोटो माझाच होता आणि खाली 'हार घालताना' होतं, वर आणखी 'भावपूर्ण आदरांजली'. थू असल्या आदरांजलीवर!

तो पेपर घेऊन मी तानाबाईंकडं गेले. त्यांनी चष्मा लावला, खालची ओळ बोट फिरवत वाचली, मग फोटो जवळ धरला.

"घालताना लिवलंय व्हय हितं? ह्यो काढतोय की गं!"

"व्हय. मी तसंच लिवलं होतं."

"मग तुझी नोकरी?"

"गेली."

"त्यांची दोनदा गेलती," तानाबाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.