खोली नंबर विचारणारी साइट

मंगळवारी माझ्या भावाच्या साइटची बातमी पेपरात आली.

ती मी आणवली होती. मी दादरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि शाळेत माझ्या वर्गात असलेली एक मैत्रीण त्या पेपरात बातमीदार होती. भावाने बातमी मागितली नव्हती.

डिलाईल रोडची आमची चाळ पाडली तेव्हा माणसं विरार, बदलापूर, जिथे परवडलं तिथे गेली. आजूबाजूच्या चाळींचंही तेच झालं. त्या माणसांना इंटरनेटवर परत एकत्र येता यावं म्हणून भावाने ही साइट केली. तिथे नुसतं नाव टाकून आत जाता येत नसे. खोली नंबर सांगायचा, मग त्याच चाळीतलं एखादं जुनं माणूस फोन करून विचारी: तुमच्या मजल्यावरचा नळ कुणाच्या दारासमोर होता? सत्यनारायणाला चौरंग कुणाकडून आणायचे? उत्तर जमलं तरच प्रवेश. दिवसाला चार-पाच नवी माणसं येत. आमच्या समोरच्या काकू रोज विरारहून लिहीत, आज काय रांधलं ते. त्याखाली अख्खा मजला भांडे, वाटपाचं खोबरं किती भाजायचं यावरून.

मैत्रीण घरी आली. भावाने तिला ते भांडणच वाचून दाखवलं. ती हसली आणि मग तिने विचारलं, "मेंबर किती लिहू?"

त्याने आकडा सांगितला.

"एवढेच? अरे, आमच्या सोसायटीचा ग्रुप याच्याहून मोठा आहे. संपादक लावणार नाही."

भाऊ माझ्याकडे बघू लागला. मी म्हणाले, "प्रश्न काही दिवस बंद ठेव ना. आकडा वाढला की परत लाव."

"ताई, मग त्यात उरलं काय?"

"पेपरात येतंय, ते बघ."

माझा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. त्याने प्रश्न काढले. आकडा वाढला, बातमी लागली. 'गिरणगावच्या तरुणाचं जगाला आव्हान' असं शीर्षक होतं. बाबांनी स्टॉलवरचे सगळे अंक उचलले आणि नातेवाइकांत वाटले.

त्या आठवड्यात हजारो लोक आत आले. त्यांना आमचा नळ माहीत नव्हता, माहीत असायचं कारणही नव्हतं. काकूंनी आमटीबद्दल लिहिलं तर खाली कुणी 'टू बीएचके, रेडी पझेशन' लिहून गेलं. दुसऱ्याने विचारलं, 'आंटी, टिफिन देता का?' काकूंनी लिहिणं थांबवलं. मग मजल्याने. नवे लोकही महिन्याभरात कंटाळून गेले. त्यांना तिथे काही सापडण्यासारखं नव्हतंच. भावाने प्रश्न परत लावले तेव्हा उत्तरं तपासायला कुणी उरलं नव्हतं.

पेपराने पुन्हा बातमी केली. 'गाजावाजा झालेलं नेटवर्क ओस'. मैत्रिणीने फोन मला केला, त्याला नाही.

"चुकीचं काय लिहिलंय त्यांनी?" भाऊ म्हणाला. माझ्यावर तो एकदाही रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी तो काविळीने गेला. बातमीने गेला असं मी म्हणत नाही. साइट चालू ठेवणारं कुणी नव्हतं, ती बंद पडली. काकूंची आमटी, ती भांडणं, सगळं तिच्याबरोबर गेलं.

आता त्याचं नाव शोधलं की त्या दोन बातम्या येतात. दुसरी आधी येते.